हिवाळी पायताण

स्टुटगार्टमध्ये राहणाऱ्या माणसाला 'कुठली गाडी घेतलीत?' असं विचारायचं नसतं. या गावात दैवतं दोनच. दोघांचीही देवळं गावातच आहेत, तिकीट काढून दर्शन मिळतं, आणि बाहेर पडताना प्रसादाच्या दुकानात तेच चिन्ह किल्लीला अडकवायला भलत्याच किमतीला मिळतं. मी कोणत्या संप्रदायातला ते सांगत नाही, कारण पुढे जे घडलं त्यात गाडीचा काडीचाही दोष नव्हता.

गाडी उंच होती, काळी होती आणि मुख्य म्हणजे तिच्या चारही चाकांना इंजिनाची ताकद मिळत होती. दोन वर्षं कुणा सज्जनाने वापरून मग ती मला विकली, म्हणून परवडली, असं मी म्हणत होतो आणि बायको ते ऐकून घेत होती. आसनं गरम व्हायची, स्टिअरिंग गरम व्हायचं, आणि ज्याला त्याला आपापल्या बाजूची हवा हवी तशी ठेवता यायची. पंखा दोनवर ठेवायचा की तीनवर यावरून ज्या घरात चाळीस वर्षं अबोले झाले, त्या घरातून आलेल्या माणसाला हे केवढं सुख! काळा रंग घ्यावा की राखाडी यावर आम्ही तीन महिने खल केला. टायरांचा विचार एक मिनिटही केला नाही. कार्यालय, केटरर, सनई, आहेराच्या पिशव्या सगळं सहा महिने आधी ठरवावं आणि गुरुजींना आदल्या रात्री फोन करावा, तसं झालं.

सप्टेंबरात माझे वडील, अप्पा, पुण्याहून तीन महिन्यांसाठी आले. विमानतळावर त्यांनी गाडीला प्रदक्षिणा घातली. बॉनेटकडे पाहिलंही नाही. डिकी उघडायला लावली, सामान ठेवायच्या आधी खालचा गालिचा उचलला, आणि विचारलं, "स्टेपनी कुठाय?"

"अप्पा, हल्ली स्टेपनी देत नाहीत."

"मग हे काय?"

खाली हवा भरायचा एक छोटा पंप आणि पांढऱ्या द्रवाची बाटली होती. पंक्चर झालं की ती बाटली टायरात रिकामी करायची आणि हळूहळू गॅरेज गाठायचं.

"म्हणजे फेव्हिकॉल," अप्पा म्हणाले, आणि पुढे घरापर्यंत काही बोलले नाहीत.

अप्पांनी तेवीस वर्षं चेतक चालवली. आडवी करून, पुन्हा उभी करून, किक मारून. तिची तिन्ही चाकं सारखी होती: पुढचं, मागचं आणि स्टेपनी. मागचं झिजलं की पुढे, पुढचं स्टेपनीला, स्टेपनी मागे. घरात तीन भावंडांमध्ये एक गणवेश फिरावा तशी ती चाकं फिरायची. (हा 'स्टेपनी' शब्द मूळचा वेल्समधल्या लानेली गावच्या स्टेपनी स्ट्रीटचा. जादा चाक विकणारी कंपनी तिथे निघाली. इंग्रज तो शब्द केव्हाच विसरले, आपण तो सांभाळून ठेवला आणि नाही नाही त्या नात्यांनाही लावला.) माझ्या गाडीची पुढची चाकं २५५ मिलिमीटर रुंद आणि मागची २८५, म्हणजे पुढची मागे जायची सोयच नाही, हे कळल्यावर अप्पांनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं ती नजर मी बारावीच्या निकालानंतर पहिल्यांदाच पाहिली.

ऑक्टोबर लागला. आपल्याकडे या दिवसांत 'फराळाचं झालं का?' असं ज्या सुरात विचारतात, त्याच सुरात ऑफिसात कॉफी मशिनपाशी 'बदलले का?' सुरू झालं. काय बदलले, हे कोणी सांगत नाही. जर्मनीत एक ठोकताळा आहे: 'ओ ते ओ', म्हणजे ऑक्टोबर ते ओस्टर्न. ओस्टर्न म्हणजे ईस्टर. एवढा काळ गाडीला हिवाळी टायर. कायद्यात मात्र तारीख नाही. बर्फ, बर्फाचा चिखल, गोठलेला ओलावा असं रस्त्यावर काही असेल तर हिवाळी टायर हवेत, एवढंच कायदा म्हणतो. शेजारच्या ऑस्ट्रियाने हा घोळ ठेवलेला नाही. तिथे १ नोव्हेंबर ते १५ एप्रिल हा काळ ठरलेला आहे, त्यातही रस्ता हिवाळी झाला की हे टायर लागतात, आणि त्यांची नक्षी किमान ४ मिलिमीटर खोल हवी. जर्मन कायदा मात्र 'पाऊस पडला तर छत्री न्यावी' अशा थाटाचा आहे, आणि अशा कायद्यात पुणेरी माणसाला जी फट दिसते ती इतरांना दिसत नाही. माझं म्हणणं साधं होतं. एक तर स्टुटगार्टात बर्फ पडून पडून पडतो किती? वर्षाकाठी मोजके दिवस. आणि दुसरं म्हणजे माझ्या गाडीला चारही चाकांची ताकद आहे. त्या तेवढ्यासाठीच तर पैसे मोजले.

आमच्या तळमजल्यावर एक आजी राहतात. वय ऐंशीच्या घरात, गाडी वीस वर्षं जुनी, लाल, फक्त पुढच्या चाकांवर चालणारी, आकाराने माझ्या डिकीत मावेल अशी. स्वाबियन, म्हणजे या भागातले लोक काटकसरी आणि टापटिपीचे म्हणून अख्ख्या जर्मनीत चेष्टेचा विषय आहेत. मला मात्र त्यांच्यात आल्यावर माहेरी आल्यासारखं वाटलं. इथे 'केअरवोखं' नावाची प्रथा आहे. इमारतीतल्या प्रत्येक बिऱ्हाडाने आपापल्या आठवड्यात जिना, अंगण, फुटपाथ झाडायचा. आठवडा कुणाचा हे कळावं म्हणून त्या दारावर पाटी लटकते. अप्पांनी ती पाटी पहिल्यांदा पाहिली तेव्हा त्यांचे डोळे भरून आले असावेत. पाटी हे शासनाचं सर्वोच्च साधन मानणारा आणखी एक समाज पृथ्वीवर आहे याचा त्यांना पत्ता नव्हता. तर या आजींचे टायर २ ऑक्टोबरला बदलून झाले होते. माझ्या टायरांकडे पाहून त्या रोज 'सो, सो' एवढंच म्हणत.

नोव्हेंबरच्या शेवटच्या शनिवारी पहाटे बर्फ पडला. फार नाही, इडलीच्या जाडीइतका. अप्पांना कढीपत्ता हवा होता. स्टुटगार्ट हे गाव कढईत वसलंय, जर्मन लोकही त्याला 'केसल' म्हणजे हंडाच म्हणतात, आणि आमची गल्ली त्या कढईच्या काठाला आहे. आधी चढ, मग वळण, मग खाली घसरगुंडी. चढावर कुरिअरची एक व्हॅन अडकली होती. तिची पुढची चाकं जागच्या जागी गरगरत होती. माझी गाडी तिच्या बाजूने मुंबईची मेल कर्जतचा घाट चढते तशी शांतपणे चढून गेली.

"बघितलंत?" मी म्हणालो.

अप्पा म्हणाले, "हं."

वळण घेतलं. उतार लागला. खाली चौकात आजींची लाल गाडी सिग्नलला उभी होती. वेग फार तर पंचवीस असेल. मी ब्रेक दाबला. पायाखाली टरटरटरटर असा आवाज सुरू झाला, जणू कुणी खालून मिक्सर लावला होता. समोरच्या पडद्यावर पिवळ्या रंगाचं एक चित्र लुकलुकायला लागलं, घसरणाऱ्या गाडीचं. गाडी घसरते आहे हे सांगायला चित्राची गरज नव्हती. आसन अजून गरम होतं. स्टिअरिंगही गरम होतं. आणि दोन टनांच्या आसपासची ती काळी गाडी, चारही चाकांची ताकद पोटात बाळगून, पालखी निघावी तशी संथ, एका लयीत, आजींच्या दिशेने निघाली. अप्पांनी दोन्ही पाय पुढे रोवून आपल्या बाजूने ब्रेक दाबायला सुरुवात केली होती. शेवटी मी चाकं फुटपाथकडे वळवली. बऱ्याच विचारानंतर गाडीनेही ते मनावर घेतलं, आणि आम्ही कचऱ्याच्या डब्यांच्या रांगेत शिरून थांबलो. जर्मनीत कचऱ्याचं वर्गीकरण कडक. आम्ही नेमके कागदाच्या डब्यात गेलो, ओल्यात नाही, ही गणपतीची कृपा.

आजींनी गाडी कडेला लावली, उतरल्या, चालत वर आल्या. त्यांच्या पायात खिळ्यांचे तळवे असलेले बूट होते. त्यांनी आधी डबा पाहिला, मग टायर, मग मला.

"चारही चाकं चालतात ना हिची?" त्यांनी विचारलं.

"हो," मी म्हणालो.

"ब्रेक सगळ्यांचेच चारही चाकांना असतात. माझेपण."

एवढं बोलून त्या गेल्या. अप्पांना जर्मन येत नाही, पण मी भाषांतर करायच्या आधीच ते मान डोलवत होते. इंजिनाची ताकद चार चाकांना मिळो की दोन, निघायला तिचा उपयोग; थांबायला आणि वळायला फक्त रबर आणि रस्ता. आणि दोन टन गाडी रस्त्याला टेकते किती, तर प्रत्येक चाकाखाली एकेक तळहात. सहा आकडी रुपयांचं चामडं, दहा स्पीकर, छताची काच, सगळं त्या चार तळहातांवर तोललेलं. मी तळहात सोडून सगळ्याची निवड केली होती.

पोलीस आले नाहीत, नाहीतर नुसत्या टायरांचे साठ युरो आणि फ्लेन्सबुर्गच्या केंद्रीय वहीत एक गुण ठरलेला. तिथे आठ गुण झाले की लायसन्स जातं. गुण मिळवून नापास होता येतं अशी माझ्या माहितीतली ती एकमेव शाळा. रस्त्यावर पसरलेले कागद मात्र आम्हालाच उचलावे लागले, कारण त्या आठवड्याची पाटी आमच्याच दारावर होती.

आता टायर घेणं आलं. आमच्या ओळखीतल्या एका मराठी गृहस्थांनी लगेच स्वतःच्या तळघरातले चार टायर देऊ केले, जवळजवळ फुकट. अप्पांनी गुडघ्यावर बसून टायरच्या कडेवरचा चार आकड्यांचा शिक्का वाचला: ३६१६. म्हणजे २०१६ सालचा छत्तिसावा आठवडा. बाकरवडीच्या पाकिटावरची तारीख बघायची ज्यांना सवय आहे त्यांना हे शिकवावं लागत नाही. त्यावर चिखल-बर्फाची दोन अक्षरं होती, पण तीन शिखरांच्या डोंगरात बर्फाची चांदणी, ते चिन्ह नव्हतं. आणि १ ऑक्टोबर २०२४ पासून जर्मनीत त्या चांदणीशिवाय टायर हिवाळी मानत नाहीत. गृहस्थांना तसं सांगितल्यावर ते म्हणाले, "मग झोपाळा करा." दुसऱ्याला वस्तू देऊन तिचा उपयोगही सुचवायचा, हे आपलं खास.

टायरवाला अस्सल स्वाबियन निघाला. हे लोक प्रेमाने प्रत्येक नामाला शेवटी 'ले' लावून ते धाकटं करतात. मराठी कानाला मात्र तो भूतकाळ ऐकू येतो. आले, बसले, टायर बघितले, पैसे गेले. त्याने काउंटरवर उन्हाळी आणि हिवाळी रबराचा एकेक तुकडा ठेवला आणि सात अंश, सात अंश असं काहीसं सांगू लागला. अप्पांना ते मी एका वाक्यात सांगितलं: "खोबरेल तेल." डिसेंबरात बाटली उलटी केली तरी तेल बाहेर येत नाही, उन्हात ठेवावी लागते, उन्हाळी टायरचं रबर साधारण ७ अंशांच्या खाली तसंच आखडायला लागतं. हिवाळी रबर थंडीतही मऊ राहील असंच कालवलेलं असतं. मग मे महिन्यात तेच घातलं तर? उन्हातल्या चिक्कीसारखं मऊ होतं. झिजतं भराभर आणि ब्रेक लावल्यावर गाडी लांब जाऊन थांबते. हिवाळी टायरच्या अंगावर शेकडो बारीक नागमोडी चिरा असतात. अप्पांनी बोट फिरवलं आणि म्हणाले, "ही तर करंजीची कातण." त्या चिरांच्या कडा बर्फाला धरतात, आणि त्यांत अडकलेला बर्फ रस्त्यावरच्या बर्फाला धरतो. फिनलंडमध्ये मालट्रकांसाठी पहिला हिवाळी टायर निघाला तो १९३४ साली, अप्पांच्याही जन्माआधी. मला ते २०२४ नंतर कळलं.

टायरच्या कडेवर जे लिहिलेलं असतं ते वाचण्यात आम्ही बाप-लेकांनी पाऊण तास घालवला. २३५/५५ आर १९ १०५ एच. यातले २३५ हे रुंदीचे मिलिमीटर. ५५ हे टक्के: रुंदीच्या किती टक्के उंची. १९ हे इंच. एका ओळीत मिलिमीटर, टक्के आणि इंच! लांबी वारात, भाव शेकड्यात आणि रुंदी गजात सांगणारा लक्ष्मी रोडवरचा जुना कापडवालासुद्धा इतकं करत नसे. १०५ म्हणजे एका टायरवर ९२५ किलो वजन चालेल. आणि 'एच' म्हणजे ताशी २१० किलोमीटर. गाडी त्याहून जोरात जाऊ शकत असेल तर चालकाला दिसेल असा २१० चा स्टिकर आत लावणं भाग आहे. मुलगा या वेगाच्या वर जाणार नाही अशी सरकारी हमी मिळाल्यावर, साठच्या वर कधीही न गेलेल्या अप्पांनी तो स्टिकर स्वतःच्या हाताने चिकटवला.

माझ्या उन्हाळी रिमा २० इंची. टायरवाल्याने हिवाळ्यासाठी १९ इंची सुचवल्या, चारही सारख्या, साध्या. टायर स्वस्त पडतो, रबराची कड उंच असल्यामुळे खड्ड्यात रिम वाचते, आणि गाडीच्या कागदात ते माप मंजूर होतं. मला ते सुटावर हवाई चप्पल घातल्यासारखं वाटत होतं. मग त्याने विचारलं, वर्षाला किती चालवता, डोंगरात स्कीइंगला जाता का? मी खरं ते सांगितलं. तो म्हणाला, मग बारमाही टायर घ्या, चांदणीवाले, शहरात पुरतात, बदलाबदलीची कटकट नाही. हे तो माझ्या हिताचं बोलत होता आणि म्हणूनच मला ते झोंबलं. एवढी गाडी घेऊन मी फक्त कढीपत्ता आणायला जातो, हे परक्या माणसाने दोन प्रश्नांत ओळखावं? मी हिवाळी सेट घेतला. रिमांसकट चौदाशे युरो. अप्पांनी शंभराने गुणलं, ओठ हलले, आणि ते बाहेर जाऊन उभे राहिले.

उरलेल्या उन्हाळी टायरांसाठी त्याच्याकडे 'टायर-हॉटेल' होतं. खरंच तसं म्हणतात. चाकं धुऊन, कुठलं पुढचं डावं, कुठलं मागचं उजवं ते लिहून, अंधाऱ्या कोरड्या खोलीत ठेवतात आणि सहा महिन्यांचं भाडं लावतात. त्याच उन्हाळ्यात आम्ही पॅरिसला जाऊन चौघे जण एका मित्राच्या हॉलमध्ये गादीवर झोपलो होतो. बायकोने एकदा माझ्याकडे पाहिलं, आणि टायर आमच्या तळघरात आले. तिथे ते पापडांच्या डब्यांशेजारी राहिले. रिमांसकट असल्यामुळे आडवे, एकावर एक. नुसता टायर असेल तर उभा ठेवायचा आणि अधूनमधून फिरवायचा, असं टायरवाल्याने बजावलं होतं. अप्पा म्हणाले, "लोणच्याच्या बरणीसारखं."

जायच्या आधी अप्पांनी एकच शंका काढली. "उन्हाळी झाले, हिवाळी झाले. पावसाळी कुठायत?" टायरवाल्याला मी विचारलंच. त्याने उन्हाळी टायरवरचं युरोपीय लेबल दाखवलं. ओल्या रस्त्यावर किती धरतो याची त्यात ए ते ई श्रेणी असते, इंधन किती खातो याची वेगळी, आणि आवाजाचे डेसिबल. लांब खोल चऱ्या आहेत त्या पाणी बाहेर फेकायला. पावसाळा उन्हाळ्यातच धरलाय. तीन ऋतूंच्या देशातून आलेल्या माणसाचं यावर समाधान झालं नाही. डेसिबल म्हणजे काय ते कळल्यावर तर ते हसलेच. लक्ष्मी रोडवर, ते म्हणाले, टायरचा आवाज ऐकलेला माणूस अजून जन्माला यायचाय.

मार्चमध्ये अप्पांचा पुण्याहून फोन. "तुमचं ते दुसरं ओ कधी आहे?"

ईस्टर म्हणजे २१ मार्चची किंवा त्यानंतरची पहिली पौर्णिमा, आणि तिच्या पुढचा रविवार. २२ मार्च ते २५ एप्रिल यांत कुठेही. म्हणजे अख्ख्या जर्मनीचे टायर चंद्रावर चालतात, आणि हे एकाही इंजिनिअरला खटकत नाही. अप्पांनी सोलापूरचं दाते पंचांग समोर घेतलं होतं. साधारणपणे होळीनंतरचा, नाहीतर हनुमान जयंतीनंतरचा रविवार, हे त्यांनी दोन मिनिटांत काढलं. "त्यानंतरचा मंगळवार चांगला आहे," ते म्हणाले. "दुपारी तीन ते साडेचार सोडून."

मंगळवारी सकाळी अकराला उन्हाळी टायर चढले. बोल्ट समोरासमोरचे आळीपाळीने, ठरलेल्या जोराने आवळले; पन्नास किलोमीटर गेल्यावर परत आवळून घ्यायला या, असं सांगितलं. २० इंची रिमा उन्हात चमकत होत्या. आजी अंगणात माती उकरत होत्या. त्यांनी चमकणाऱ्या चाकांकडे पाहिलं आणि विचारलं, "सोफीची वाट नाही पाहिलीत?" ही थंडीवाली सोफी म्हणजे १५ मेची संतीण, तिचा दिवस उलटेपर्यंत इथले जुने लोक टोमॅटोची रोपं बाहेर लावत नाहीत. मी म्हणालो, माझ्या वडिलांनी मुहूर्त काढून दिलाय. त्या म्हणाल्या, "सो, सो."

गुरुवारी सकाळी खिडकी उघडली तर गल्ली पांढरी. लाल गाडी टुकटुक करत उतारावरून गेली, चौकात थांबली, वळली. मी छत्री घेतली आणि ट्रामच्या थांब्यापर्यंत भिंतीला धरून गेलो.

ट्राममध्ये फोन वाजला. अप्पा. त्यांनी इंटरनेटवर स्टुटगार्टचं तापमान पाहिलं होतं.

"कुठेयस?"

"ट्राममध्ये."

पलीकडे क्षणभर शांतता होती. मग समाधानाचा आवाज आला: "चला, म्हणजे स्टेपनी आहे."